थर्मोस्टॅट काढू नका, बदला



मागच्या बैठकीला आपल्यातलेच एक भाऊ दीड तास उशिरा आले. हात कोपरापर्यंत काळे, सदऱ्यावर गंजाच्या पाण्याचे डाग. रस्त्यात ट्रॅक्टर तापला होता. खाली बसायच्या आधीच त्यांनी सांगून टाकले, ‘‘मिस्तरीनं वॉल्वच काढून देल्ला. आता काई टेन्शन नाही.’’ हॉलमधल्या निदान आठ-दहा जणांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाले, ‘‘आमचा तं कधीचाच काढला.’’ मी सहज म्हणून विचारले, ज्यांच्या ट्रॅक्टरमध्ये थर्मोस्टॅट जागेवर आहे त्यांनी हात वर करा. तीन हात वर झाले. त्यातल्या एकाने चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन विचारले, ‘‘भाऊ, थर्मोस्टॅट म्हंजे कोन्तं?’’

तेव्हाच ठरवले की या अंकातले माझे पान या मुठीएवढ्या वस्तूवर लिहायचे.

एका जुन्या कार्यकर्त्यांना हे सांगितले तेव्हा ते नाराज झाले. त्यांचे म्हणणे असे की, शेती तोट्यात आहे ती भावामुळे. शेतकऱ्याच्या उधळपट्टीमुळे किंवा अडाणीपणामुळे नाही. डिझेल वाचवा, पाणी वाचवा, शहाणे व्हा, हे धडे देण्यासाठी सरकारने पगारी माणसे ठेवली आहेत, आपल्या पत्रकात ते कशाला? त्यांचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. कृषी पदवी घेऊन बाहेर पडल्यावर पहिली काही वर्षे मीही असेच धडे देत फिरलो, आणि ज्याचा माल उत्पादन खर्चाच्या खाली विकला जातो त्याला बियाण्याची ओळ शिकवून त्याचे कर्ज फिटत नाही, हे कळल्यावरच या कामात आलो. थर्मोस्टॅट बसवल्याने कापसाला भाव मिळणार नाही. पण भाव आपल्या हातात नाही म्हणून हातातले डिझेल सांडू द्यायचे, असा ठराव आपण कोणत्या अधिवेशनात केला? आणि हा प्रश्न काटकसरीचा आहे त्याहून जास्त मालकीचा आहे. यंत्र आपण घेतले, हप्ते आपण भरतो, आणि त्याच्या पोटात काय आहे, ते का आहे, हे आपल्याला कोणी सांगत नाही.

आधी माझ्या घरचे सांगतो, म्हणजे मी वरून बोलतो असे वाटणार नाही.

माझ्या थोरल्या भावाने जुना ट्रॅक्टर घेतला, बैलजोडी विकून आणि वर उसने घेऊन. पहिल्याच वर्षी ज्वारीच्या मळणीला तो तापायला लागला. मार्च महिना, आभाळ भरून आलेले, कणसांचा ढीग खळ्यावर, आणि मळणीयंत्र दर अर्ध्या तासाने बंद. गावच्या मिस्तरीने थर्मोस्टॅट काढला, वरचा होज पाइप परत लावला, आणि काटा खाली आला. मी तिथेच उभा होतो. कृषी पदवीधर म्हणून भावाने माझ्याकडे पाहिले, आणि मी म्हणालो, बरोबर आहे, आपल्याकडच्या गरम हवेत त्याची गरज काय? हे वाक्य मी कुठेही शिकलो नव्हतो. ऐकले होते आणि पुढे ढकलले. तिसऱ्या हंगामात ट्रॅक्टर तेल खायला लागला, थंड इंजिनाला पांढरा धूर, चढावर दम नाही. इंजिन उघडले तेव्हा बोअर खाल्लेले, रिंगा गेलेल्या. इंजिन नव्याने बांधायला साठ हजारांच्या वर गेले, तेही सावकाराकडून. सगळे थर्मोस्टॅटमुळेच झाले असे मी म्हणत नाही. गाडी जुनी होती, एअर क्लीनरचे तेलही वेळेवर बदलले जात नव्हते. पण ज्याने इंजिन उघडले त्या शहरातल्या म्हाताऱ्या मिस्तरीने पहिला प्रश्न हाच विचारला, ‘‘वॉल्व किती दिसापासून नाही यात?’’

तर हा वॉल्व करतो काय?

इंजिनच्या डोक्यातून तापलेले पाणी वरच्या होज पाइपातून रेडिएटरमध्ये जाते, जाळीत थंड होते, आणि खालच्या पाइपाने पंपाकडे परत येते. बहुतेक ट्रॅक्टरांत डोक्यातून पाणी बाहेर पडते त्या तोंडावरच थर्मोस्टॅट बसवलेला असतो. पितळेची एक छोटी डबी, तिच्यात मेण, मेणात एक पिन. पाणी थंड असते तेव्हा मेण घट्ट असते, झडप बंद. पाणी इंजिनमध्येच फिरते आणि लवकर तापते. ठरलेल्या तापमानाला मेण वितळते, वितळताना फुगते, पिनला ढकलते आणि झडप उघडते. पाणी फार थंड झाले की मेण आवळते आणि स्प्रिंग झडप पुन्हा लावून घेते. वीज नाही, वायर नाही, कोणी बटन दाबायला नको. सर्जियस व्हर्नेट नावाच्या माणसाने १९३० च्या दशकात ही मेणाची युक्ती काढली आणि आज जगभरच्या गाड्यांत तीच चालते. किती अंशाला उघडायचे तो आकडा थर्मोस्टॅटवरच कोरलेला असतो. डिझेल ट्रॅक्टरांत तो साधारण ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान सापडतो. पूर्ण उघडायला त्यावर आणखी दहा-पंधरा अंश लागतात.

आपल्या ज्वारीला हे नवीन नाही. पानावर डोळ्यांना न दिसणारी तोंडे असतात. ओल असली की उघडतात, ताण पडला की मिटतात, म्हणून तर ज्वारी आठ-पंधरा दिवसांची उघडीप सोसते. ती तोंडे कायमची उघडी ठेवली तर पान थंड राहील, आणि झाड वाळून जाईल.

आता ते वाक्य घेऊ, जे मी बोललो आणि तुम्हीही बोलता: थर्मोस्टॅट थंड मुलखासाठी आहे, आपल्याकडे नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, खरे आहे. पण इंजिनला हवे असते ८० ते ९०. म्हणजे ज्या उन्हात माणूस चक्कर येऊन पडतो, ते ऊनही इंजिनच्या मानाने थंडच. आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, पारा दहाच्या आसपास असताना, पऱ्हाटीला फवाऱ्याचे पाणी न्यायला ट्रॉली जोडता, तेव्हा उघड्या रेडिएटरचे पाणी सतत इंजिनमधून फिरत असेल तर हलक्या कामात काटा पन्नास-साठच्या वर सरकतच नाही. इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट बसवलेला नसतो. ते एका ठरावीक उष्णतेवर टिकून राहावे म्हणून बसवलेला असतो. थंड करायचे काम रेडिएटरचे.

अर्धवट गरम इंजिनमध्ये डिझेल नीट जळत नाही. न जळलेले थोडे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवर बसते आणि तिथला तेलाचा पातळ थर धुऊन काढते. रिंगा कोरड्या भिंतीवर घासतात. पिस्टन आणि बोअर यांच्यातले अंतर गरम इंजिनच्या हिशेबाने ठेवलेले असते, ते थंडपणी सैल राहते, धूर आणि वाफ खाली तेलात उतरते. त्या वाफेचे पाणी होते आणि तेलाचा गाळ होतो. तेलाची पट्टी काढून पाहा: तेल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले दिसत असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर समजा की इंजिन आजारी आहे. (असे नोझल किंवा पंप गळत असला तरी होते, म्हणून तेही तपासावे.) हे सगळे एका दिवसात होत नाही, म्हणूनच मिस्तरीवर बिल फाटत नाही. काटा आज खाली आला, बोअर तीन वर्षांनी गेले, मधला धागा कोणी जोडत नाही.

यापुढची गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत आहे, म्हणून जरा थांबून वाचा. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन तोंडे असतात. तो रेडिएटरची वाट उघडतो तेव्हाच त्याची खालची चकती दुसरी वाट बंद करते. ती दुसरी वाट म्हणजे बायपास, ज्यातून पाणी रेडिएटरला न जाता थेट पंपाकडे वळते. आता थर्मोस्टॅट काढला तर बायपास कायमचा उघडा. पाणी सोपी वाट धरते आणि त्याचा एक हिस्सा रेडिएटरचे तोंडही न पाहता पुन्हा इंजिनमध्ये शिरतो. हलक्या कामात काटा खाली दिसतो आणि आपण खूश होतो. मेमध्ये काळ्या जमिनीत नांगर लावला, पूर्ण लोड आला, की त्याच ट्रॅक्टरचा काटा पूर्वीपेक्षा वर चढतो. मग मिस्तरी म्हणतो, रेडिएटर बदला. तापू नये म्हणून जे काढले, त्यानेच ऐन कामात तापवले.

पैशाचे सांगतो. तासाला फक्त पाव लिटर डिझेल जादा जळते असे धरा. वर्षाला स्वतःचे आणि भाड्याचे मिळून ६०० तास काम धरा. झाले १५० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर १३,५०० रुपये. २०२५-२६ च्या हंगामाला सरकारने संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये ठरवला. म्हणजे साडेतीन क्विंटलांहून जास्त ज्वारी, तीही हमीभावाने विकली गेली तर. आपल्या हलक्या जमिनीत ही एका एकराची रास होते. माझा पाव लिटरचा आकडा मानू नका, स्वतःचा काढा. टाकी गळ्यापर्यंत भरा, एक एकर नांगरा किंवा वखरा, पुन्हा मापाने गळ्यापर्यंत भरा आणि लिहून ठेवा. थर्मोस्टॅट बसवल्यावर त्याच वावरात, त्याच अवजाराने पुन्हा मोजा. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही, भाड्याने बोलावतात, त्यांनीही हे वाचावे. भाडे ठरते ते डिझेलच्या हिशेबानेच, म्हणजे दुसऱ्याच्या इंजिनातला नसलेला थर्मोस्टॅट तुमच्याही खिशातून जातो.

थर्मोस्टॅटची किंमत काहीशे रुपये.

मग गाडी तापतेच का, हा प्रश्न राहतो, आणि तो खरा आहे. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर गाडी तापते, यात शंका नाही. पण दहातल्या बऱ्याच वेळा दोष दुसरीकडे असतो आणि शिक्षा थर्मोस्टॅटला होते. मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत ज्वारीचा भुसा आणि कणसांची कूस बसते, पऱ्हाटीच्या वावरात कापसाचे तंतू. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आत बोटभर थर. मळणीला दर दोन तासांनी इंजिन बंद करून, पंख्याच्या बाजूकडून बाहेरच्या बाजूला हवा किंवा हलके पाणी मारावे, उलट मारले तर भुसा आणखी आत जातो. फॅनबेल्ट सैल असेल तर पंप आणि पंखा दोन्ही मंदावतात. रेडिएटरचे झाकण ही तर सर्वात दुर्लक्षित वस्तू. ते पाण्यावर दाब धरते, आणि एक पौंड दाबामागे उकळण्याचे तापमान सुमारे दीड अंशाने वाढते. १३ पौंडांचे झाकण चांगले असेल तर पाणी १२० अंशांच्या आसपास उकळेल. त्याचे रबर गेले, किंवा हरवले म्हणून फडके कोंबले, तर १०० लाच.

आणि पाणी. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांना खाऱ्या पाण्याने पिकाचे काय होते ते मी सांगायला नको. तेच पाणी आपण डबक्याने रेडिएटरमध्ये ओततो. क्षार नळ्यांच्या आत बसतात, गंज सुटतो, आणि तोच गाळ थर्मोस्टॅटच्या पिनेत शिरून त्याला अडकवतो. म्हणजे थर्मोस्टॅट पुष्कळदा पाण्यामुळे मरतो. बोअरचे पाणी टाकू नका. कूलंट आणि बॅटरीचे पाणी अर्धे-अर्धे, किंवा डब्यावर लिहिले असेल त्या प्रमाणात. कूलंट मिळालेच नाही त्या दिवशी स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी बरे.

दोष कुठे आहे हे हात लावून कळते. थंड इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर वरचा होज पाइप काही वेळ थंड राहतो आणि मग एकदम गरम होतो. काटा लालकडे गेला तरी वरचा पाइप थंडच, तर बहुधा झडप बंद अडकली, किंवा पाणीच कमी आहे किंवा पंप फिरत नाही. सुरू केल्यापासूनच पाइप हळूहळू कोमट होत जातो आणि काटा कधीच वर येत नाही, तर झडप उघडी अडकली, किंवा कोणीतरी आधीच काढून नेली. चाचपताना पंखा फिरत असतो, बायांनी पदर आणि पुरुषांनी दुपट्टा आवरून घ्यावा, हे हसण्यावारी नेऊ नका.

बदलायचे काम तासाभराचे आहे. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. गरम रेडिएटरचे झाकण उघडून तोंड-छाती भाजलेली माणसे मी पाहिली आहेत. आणि तापलेल्या इंजिनमध्ये थंड पाणी ओतून हेड तडकलेले ट्रॅक्टरही. खालचा कॉक उघडून घमेल्यात पाणी काढा, सगळे नाही, थर्मोस्टॅटच्या तोंडाखाली पातळी उतरेल एवढेच. कूलंट असेल तर ते जमिनीवर सोडू नका. ते गोडसर लागते, कुत्रे आणि जनावरे चाटतात, आणि ते विष आहे, मूत्रपिंडे निकामी करते. बैल वाचवून ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आहे. वरच्या होज पाइपाची क्लिप सैल करून पाइप फिरवत काढा, ओढू नका. मग डोक्यावरच्या तोंडाचे दोन किंवा तीन बोल्ट. ते गंजलेले असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा, कारण बोल्ट आत मोडला तर तासाचे काम दोन दिवसांचे होते. तोंड उचलले की थर्मोस्टॅट दिसतो. काढण्याआधी तो कसा बसला आहे ते नीट पाहा, पोराला मोबाइलवर फोटो काढायला सांगा.

नवा बसवण्याआधी त्याची परीक्षा घ्या. नवा म्हणून सोडू नका, बाजारात नकली माल भरपूर आहे. जुन्या गंजात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोरीला बांधून मधोमध लोंबता ठेवा, बुडाला टेकू देऊ नका. दुधाच्या डेअरीत असतो तसा शंभर अंशांपर्यंतचा थर्मामीटर मिळाला तर उत्तम. चूल पेटवा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप हलायला लागली पाहिजे आणि पाणी खळखळ उकळेपर्यंत चांगली सात-आठ मिलिमीटर उघडली पाहिजे. बाहेर काढून ठेवला की काही मिनिटांत पूर्ण बंद. थर्मामीटर नसला तरी गार पाण्यात बंद आणि उकळत्यात उघडा, एवढे तर कळेलच. मग जुना काढलेला त्याच पाण्यात टाका. कितीतरी वेळा तो चांगला निघतो, आणि कळते की दोष झाकणाचा किंवा जाळीतल्या भुशाचा होता.

बसवताना स्प्रिंग आणि मेणाची डबी इंजिनच्या बाजूला, हे विसरायचे नाही. उलटा बसवलेला थर्मोस्टॅट नसल्यापेक्षा वाईट, तो वेळेवर उघडत नाही आणि हेड गॅसकेट जाळतो. चकतीवर हवा जाण्यासाठी बारीक भोक किंवा हलती टाचणी असते, तोंड आडवे असेल तर ती वरच्या बाजूला यावी. जुने पॅकिंग पूर्ण खरवडा, खरवडलेले आत पडू देऊ नका, नवे पॅकिंग लावा. बोल्ट आळीपाळीने, थोडे-थोडे आवळा. वरचे तोंड पुष्कळदा ॲल्युमिनियमचे असते, एकाच बाजूने जोर दिला तर तडकते. कूलंट हळूहळू भरा, झाकण उघडेच ठेवून इंजिन सुरू करा, झडप उघडली की अडकलेली हवा निघते आणि पातळी खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा आणि झाकण लावा. दुसऱ्या दिवशी गार असताना पातळी पुन्हा पाहा.

खळ्यावर मळणी चालू आहे, आभाळ आले आहे, थर्मोस्टॅट अडकला आहे आणि तालुक्याचे दुकान बंद आहे, तेव्हा काय करायचे? काढा. मी अडाणी हट्ट धरणार नाही, रास भिजली तर थर्मोस्टॅट काय कामाचा? पण लोड हलका ठेवा, काट्यावर नजर ठेवा, आणि आठवड्याच्या आत नवा बसवा. आपल्याकडे आठवड्याचे काम आयुष्यभराचे होते, तक्रार एवढीच आहे.

मिस्तरीला शिव्या देऊ नका. तो आपल्याच गावचा, बहुधा कापूसवाल्याचाच पोरगा. त्याला कोणी शिकवले नाही, गिऱ्हाईक डोक्यावर उभे असते, आणि काढणे फुकट आणि पाच मिनिटांत होते. सुटा भाग नेमका कोणता, तो किती अंशांचा, हे ज्या पुस्तकात लिहिलेले आहे ते पुस्तक त्याच्याकडे नाही. तुमच्याकडे जे पुस्तक ट्रॅक्टरबरोबर आले ते बहुतेक इंग्रजीत, आणि त्यातही अशा ठिकाणी लिहिलेले असते की अधिकृत विक्रेत्याकडे जा. विक्रेता जिल्ह्याच्या ठिकाणी.

दुरुस्तीचा हक्क हा शब्द आता सरकारच्याही तोंडी आला आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यासाठी समिती नेमली आणि ज्या चार क्षेत्रांवर तिने लक्ष द्यायचे त्यांत शेतीची यंत्रे होती. डिसेंबर २०२२ मध्ये एक पोर्टलही सुरू झाले. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याने २०२३ मध्ये कायदाच केला. १ जानेवारी २०२४ पासून तिथल्या शेतीयंत्रांच्या कंपन्यांना पुस्तके, भाग आणि साधने शेतकऱ्याला व बाहेरच्या मिस्तरीला द्यावी लागतात. तिथल्या शेतकऱ्यांनी भीक मागितली नव्हती, पैसे मोजून घेतलेली वस्तू उघडण्याचा हक्क मागितला होता. आपल्याकडे पोर्टल आहे, कायदा नाही. आणि याची गरज वाढतच जाणार. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले, त्या इंजिनांत डिझेल किती सोडायचे हे संगणक ठरवतो आणि ठरवताना पाण्याचे तापमान वाचतो. तिथे थर्मोस्टॅट काढला तर संगणकाला वाटते इंजिन अजून थंडच आहे, आणि तो त्या हिशेबाने डिझेल सोडत राहतो. त्या गाडीचा दोष शोधायला पाना पुरत नाही, कंपनीचे यंत्र लागते.

म्हणून आपली मागणी साधी असावी असे माझे मत आहे. ट्रॅक्टरबरोबर मराठी पुस्तक, चित्रासह, प्रत्येक भागाचा क्रमांक आणि थर्मोस्टॅटचा अंश लिहिलेले. तेच पुस्तक कोणाही मिस्तरीला विकत मिळावे. आणि बाहेर दुरुस्त केले म्हणून वॉरंटी नाकारायची नाही, दोष त्या दुरुस्तीमुळे झाला हे कंपनीने दाखवल्याशिवाय. दुकानात आपणही पक्के बिल मागावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आणि टायर व बऱ्याच सुट्या भागांवरचा १८ वरून ५. ती सूट आपल्यापर्यंत आली की दुकानाच्या गल्ल्यातच राहिली, हे बिल घेतल्याशिवाय कळणार नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला सकाळचे पहिले दोन तास मी अध्यक्षांकडून मागून घेतले आहेत. ज्यांचा काढलेला थर्मोस्टॅट औजारपेटीत पडला असेल त्यांनी तो आणावा. ज्यांना कुठे गेला ते आठवत नाही त्यांनी ट्रॅक्टरचे मॉडेल, साल आणि इंजिनचा क्रमांक कागदावर लिहून आणावा, म्हणजे एकत्र यादी करून भाग मागवता येतील आणि दुकानदाराशी भावही करता येईल. गावच्या मिस्तरीला बरोबर आणा, त्याची चहा-जेवणाची सोय आपल्यातच. स्टोव्ह, थर्मामीटर आणि गंज मी आणतो. त्या गंजात चहा मात्र कोणी करू नये.